रविवारी उसनी आणलेली गर्दी

मोहालीच्या आमच्या ऑफिसात मोजमापाची यंत्रं दिवसभर या हातातून त्या हातात फिरायची आणि संध्याकाळी शोधाशोध. म्हणून प्रत्येकावर टॅग चिकटवला आणि दारांवर त्या टॅगच्या रेडिओलहरी टिपणारे आरएफआयडी रीडर लावायचं ठरलं. ते कुठे लावायचे, हे माझ्याकडे आलं. रिकाम्या ऑफिसात झाडून सगळी यंत्रं स्क्रीनवर दिसली तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. शुक्रवारी ऑफिस भरलं आणि निम्मी गायब! माणसाच्या अंगात पाणी फार, आणि पाणी या लहरी गिळतं. टॅग अंगाआड गेला की रीडर आंधळा. घोडं तिथेच पेंड खात होतं.

“सोमवार को क्लायंट आ रहे हैं जी. नहीं चला तो कन्फर्मेशन भूल जाओ,” साहेब म्हणाले. म्हणजे गाशा गुंडाळून सोलापूर.

रीडर छताला लावून बघायचे होते, पण रविवारी गर्दी आणू कुठून? चंदीगडच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लाजतच लिहिलं, ‘माणसं हवीत. काम काही नाही, फक्त मध्ये मध्ये यायचं.’

‘त्यात आम्ही तरबेज आहोत,’ एका कर्नलसाहेबांचं उत्तर आलं.

आणि खरंच आले हो सगळे! फौजी कुटुंबं, शेजारच्या खरड गावाहून आयटीतली पोरं, कर्नलसाहेबांच्या आई, वर पोह्यांचा मोठा डबा. प्रत्येकाच्या हातात एकेक यंत्र देऊन मी त्यांना फिरवलं, थांबवलं, दाटीवाटीनं उभं केलं. “आंटी, और कितना चलना है?” मुलं कुरकुरली. रीडर छताला, जरा आत कलते लावले आणि एकूण एक यंत्र दिसलं.

सोमवारी क्लायंट खूश झाला, नोकरी पक्की झाली. मला मात्र आठवतो तो रविवारच.

पोह्यांची हाक आली तशी सगळी यंत्रं स्क्रीनवर पँट्रीत सरकली. एक मात्र लॅबच्या दारातच. पुन्हा माती खाल्ली रीडरनं, म्हणत मी तणतणत गेले.

दारात कर्नलसाहेबांच्या आई उभ्या होत्या, यंत्र पोटाशी धरून. मला त्या गणपतीत एकदा भेटलेल्या, तेवढीच ओळख.

“आजी, अजून इथेच?”

“हलू नका म्हणालीस ना, बाळा. दिसतेय ना मी तुझ्या मशीनला?”

मी यंत्रासकट मिठी मारली त्यांना.