धाकू मेस्त्रीनं न फोडलेला नारळ

घाटकोपरच्या भटवाडीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असली की गाऱ्हाणं घालायला धाकू मेस्त्रीच लागायचा. नारळ हातात धरून देवाला मोठ्यानं साकडं घालायचं, दर वाक्यामागे जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, आणि शेवटी नारळ फोडायचा. नारळ फुटला की मागणं देवाला पोचलं. धाकू फौजेतून हवालदार होऊन परतलेला, त्यामुळे आवाज असा की माईक लाजावा.

यंदा मात्र त्याला पूजेचाच वीट आला होता. गेल्या आठवड्यात सरहद्दीकडच्या डोंगरात जवानांच्या गाडीवर हल्ला झाला, आणि तेव्हापासून गल्लीतला जो तो सेनापती झाला होता. त्याच डोंगरात धाकूचा मुलगा सिद्धेश बंदूक घेऊन उभा होता. मंडळाचा अध्यक्ष राजेश सकाळीच वडापाव चघळत धाकूकडे आला.

“धाकूकाका, यंदा गाऱ्हाण्यात एक घालाच. जवानांना मोकळीक दे म्हणावं. नियमबियम बंद, दिसला की उडवला. महिन्याभरात सगळं साफ.”

बोलता बोलता त्यानं बोटांवरची चटणी चाटली. धाकूला शिसारी आली. माणूस मारण्याची गोष्ट हा गटार साफ करण्यासारखी करत होता, आणि वर देवाची सही मागत होता.

ती मोकळीक धाकूनं पाहिली होती. तरुणपणी त्याची चौकी त्याच डोंगरात होती. समोरच्याच्या हातात हत्यार दिसल्याशिवाय गोळी घालायची नाही, असा तेव्हा कडक नियम होता. पोरं चिडायची, हात बांधलेत म्हणायची. पण खालच्या गावातला एक म्हातारा पुलाखाली कुणी काही पुरलं की गुपचूप वर येऊन सांगून जायचा, आणि त्याच्या जिवावर त्यांच्या गाड्या सुखरूप जायच्या. मग एका चकमकीत दोन जवान गेले, साहेब बदलले, नियम सैल झाला. नव्या हुकमाच्या पहिल्याच आठवड्यात पहाटेच्या धुक्यात गवताचा भारा घेऊन येणारा कुणीतरी दिसला, आणि उडवला. तो तोच म्हातारा निघाला. कागदावर त्याला अतिरेकी केलं, गोळी घालणाऱ्याला शाबासकी मिळाली. प्रेत उचलताना धाकूच्या वर्दीला गवताची कुसळं चिकटली होती.

त्यानंतर गावानं तोंड शिवून घेतलं. थोड्याच दिवसांत त्याच पुलावर गाडी उडाली आणि धाकूचा जिवाभावाचा दोस्त शिवदास गेला. नळावरच्या बायकांनी ती गाडी पुलाकडे जाताना पाहिली होती. एकीनंही हात वर करून ती थांबवली नाही.

यातलं अक्षर त्यानं बायकोला, विमलाला, कधी सांगितलं नव्हतं. ती बिचारी सकाळपासून एकच धरून बसली होती, “तुमका काय घालूचा तां घाला, पण माझ्या सिद्धेशचा नाव तेवढा घेवा.”

पूजा आटपली. शिऱ्याचा वास सुटला, मंडळी अर्धी हात जोडून आणि अर्धी मोबाईल उचलून उभी राहिली. विमला पुढेच डोळे मिटून बसली होती. धाकूनं नारळ उचलला. याच लोकांच्या तोंडून यांचंच मागणं वदवून घ्यायचं, मग लाज वाटते का बघू, असं त्याच्या मनात होतं.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांची सेवा मान्य करून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्यांचा मागणा आसा, बंदूकवाल्यान कोणाक इचारू नये. जो दिसात तेका मारूचा.”

“व्हय म्हाराजा.” राजेशचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

“गवताचो भारो घेवन येणारो म्हातारो दिसलो, तर तेकाय मारूचो.”

“व्हय म्हाराजा.” कुणाचीही जीभ अडखळली नाही. लक्ष शिऱ्याकडे होतं. धाकू थांबला नाही.

“मगे त्या गावान तोंड शिवचा. पुलाखाली काय पुरला, तां कोणी सांगू नये.”

आता चारदोन जणच बोलले. मोबाईल खाली आले.

“आणि त्या पुलावरसून माझ्या सिद्धेशची गाडी जांव दे, म्हाराजा.”

मंडप गप्प झाला. हेच त्याला हवं होतं. तेवढ्यात पुढून एकच आवाज आला, स्वच्छ आणि मनापासून.

“व्हय म्हाराजा.”

विमला होती. लेकाच्या नावाची ती एवढा वेळ वाट बघत होती, आधीचं काहीच तिच्या कानात शिरलं नव्हतं. आपल्यामागे कुणीच का बोललं नाही म्हणून तिनं डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाहिलं. धाकूला लोकांची आली नव्हती एवढी स्वतःची किळस आली.

राजेशनं गोंधळून दगड पुढे सरकवला. “काका, नारळ फोडा ना.”

धाकूनं नारळ छातीशी घट्ट धरला आणि तो मंडपाबाहेर चालू लागला.