रुमालाचा ताबा

सरकारी दवाखान्यात एका रिकाम्या खुर्चीवर रुमाल पसरला होता आणि पायाला बँडेज बांधलेल्या एक आजी शेजारी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“जागा धरलीय, दिसत नाही का?” रुमालाचा मालक दारातून ओरडला.

“रुमालाचे पाय दुखत नाहीत!” मी गरजलो आणि आजींना बसवले.

ताब्याला कायद्याचे संरक्षण आहे, गरजेसाठी मात्र एकही कलम नाही. माणसाची वाढ म्हणजे केवळ त्याचा रुमाल मोठा होणे, असेच आपण ठरवून टाकले आहे. निदान जिने वेदना सोसली, ती तरी दुसऱ्याची ओळखेल, असे मला वाटले.

आजींचे नाव पुकारले गेले. तापाने फणफणलेले मूल कडेवर घेतलेली एक बाई पुढे सरकली, तशी आजींनी खुर्चीवर आपली पिशवी ठेवली आणि मला बजावले, “भाऊ, कुणाला बसू देऊ नका हं.”