पद्मावतीअक्कांच्या मांडीतलं बळ

चामराजपेटेतल्या पद्मावतीअक्कांच्या घरी पोचायला दोन जिने चढावे लागतात, आणि लिफ्ट नाही. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावरही अक्का ते जिने भाजीच्या पिशवीसकट चढत, आणि वर पोचल्यावर शेजारच्या महानंदेशी भांडण्याइतका दम राखून असत. मग उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली. हाड जुळलं. मांडी मात्र वाळून काठी झाली.

मुलगा सुमंत शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, अकराव्या मजल्यावर राहतो. माणूस भला, पण एकदा काळजी करायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. त्याने आईसाठी खोली रंगवली, नवा पलंग आणला आणि अट घातली: दिवाळीपर्यंत मांडीत एकटीने राहण्याइतकं बळ आलं तर ठीक, नाहीतर आईने बेळ्ळंदूरला यायचं. अक्का हो म्हणाल्या, कारण हरण्याची त्यांना सवयच नव्हती. मुलावर माया नव्हती असं नाही. पण त्याच्या घरी कांदा-लसूण चालतो आणि अक्कांना मडीतल्या, म्हणजे सोवळ्यातल्या स्वयंपाकाशिवाय घास उतरत नाही. त्या राहायला गेल्या की सून बिचारी वेगळी भांडी काढायची, ओटा पुन्हा पुन्हा पुसायची, आणि आपण पाहुण्या नसून संकट आहोत असं अक्कांना वाटत राहायचं.

बळ मोजायचं काम गौरीकडे होतं. ती पुण्याची, लग्नानंतर इकडे कानडी मुलखात आलेली फिजिओथेरपिस्ट. दर पंधरवड्याला ती दवाखान्यात अक्कांना उंच खुर्चीवर बसवी, मांडीवर दोन चकत्या चिकटवी, घोट्याला पट्टा बांधी. अक्कांनी तो पट्टा पायाने पुढे ढकलायचा, पुन्हा पुन्हा. किती जोर लागला आणि स्नायू किती दमत चालला, दोन्ही समोरच्या पडद्यावर दिसे. जोराची रेघ सुरुवातीला झकास वर जाई आणि मग एकाएकी मान टाकी.

“काकू, घरी व्यायाम नक्की करता ना?” गौरी विचारी.

“करते की! खोटं कशाला बोलू?”

खरंच करत होत्या. पायाला वाळूची पिशवी बांधून, जप करत. गौरीला कोडं सुटेना. एवढी मेहनत घेणारी बाई, जोरही बरा, मग ही मांडी इतक्या लवकर का दमते?

मोजणीचे दिवस अक्काच ठरवत, पंचांग बघून. एकादशी धरत. त्या दिवशी चूल पेटत नाही, दुपार मोकळी. एरवी स्वयंपाक आणि नैवेद्य आटोपेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

दिवाळीआधीच्या शेवटच्या मोजणीला सुमंतही आला. रेघेने मान टाकली.

“सॉरी काकू,” गौरी म्हणाली. “एकट्याने राहायला मी हो नाही म्हणू शकत.”

“सरी अम्मा, ठीक आहे, मग ठरलं,” सुमंत हलकेच म्हणाला. अक्कांनी पदर नीट केला, पुन्हा एकदा नीट केला. त्यांना रडू येत होतं आणि मुलासमोर रडायचं नव्हतं.

गौरीला राहवेना. तिने आपला डबा उघडला. “आज एकादशी, तुमचाही उपासच ना? साबुदाण्याची खिचडी आहे. दोन घास घ्या, बरं वाटेल.”

अक्का डब्याकडे बघतच राहिल्या. “एकादशीला खातं का कुणी?”

“म्हणजे? सकाळपासून काय खाल्लंत?”

“पाणीसुद्धा नाही. आता उद्या पारणं.”

गौरीचा चमचा हातातच राहिला. “आणि आधीच्या मोजण्या? त्याही सगळ्या...?”

“एकादशीलाच की.”

“अहो काकू! उपास आहे हे मला माहीत होतं. पण आमच्याकडे उपासाला रोजच्याहून जास्तच खाणं होतं! कोरड्या पोटी स्नायू दमणार नाही तर काय?”

सुमंत खाली बघत होता. आईची एकादशी त्याला माहीत नव्हती असं नाही. ती बघतच तो मोठा झाला होता. त्याच्या स्वतःच्या घरी एकादशी येईनाशी होऊन बरीच वर्षं झाली होती, एवढंच.

“उपास सोड म्हणू नकोस हं,” अक्का आधीच कमरेला पदर खोचून तयार.

“नाही म्हणत. उद्या या, पारणं करून, चांगलं जेवून.”

दुसऱ्या दिवशी भात-सार पोटात घालून अक्का खुर्चीवर बसल्या. रेघ वर गेली आणि मोजता मोजता गौरीच कंटाळली तरी फारशी खाली आली नाही. “काकू, राहा खुशाल आपल्या घरी,” ती म्हणाली, आणि अक्का सगळ्यांदेखत रडल्या.

परतताना सुमंत गाडी उगाच हळू चालवत होता. नव्या पलंगाचं त्याला वाईट वाटत असावं.

“ती खोली मोडू नकोस,” अक्का म्हणाल्या. “एकादशीला येत जाईन. त्या दिवशी माझ्यासाठी तुम्हाला काही रांधावं लागत नाही.”

सिग्नल सुटला तरी सुमंतने गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजले.

“रात्री उशाशी पाणी ठेवू ना?” त्याने विचारलं.

“ठेव की. उजाडल्यावर घेईन. पारण्याला मात्र मला घरी पोचव.”