श्रीरंगरावांच्या पक्क्या भुवया

माझे भाऊजी श्रीरंगराव यांना दोनच गोष्टींचा गर्व होता. एक, आपली नोकरी पक्की असल्याचा आणि दुसरा, आपल्या भुवयांचा.

नोकरीचं समजण्यासारखं होतं. दिल्लीत आल्यावर नऊ वर्षं ते एका मंत्रालयात अॅड-हॉक कारकून होते. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचं पत्र येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे, असं माझी बहीण लतिका सांगते. शेवटी कायम झाले तेव्हा मयूर विहारच्या अख्ख्या सोसायटीला त्यांनी पेढे वाटले आणि त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक तात्पुरत्या वस्तूचा तिरस्कार सुरू केला. भाड्याचं घर, कागदी कप, कंत्राटी शिपाई, सगळं त्यांच्या लेखी सारखंच.

भुवयांचं कारण मला कधी कळलं नाही. जाड, काळ्याभोर, मध्ये जवळजवळ जुळलेल्या. ते लतिकाला बघायला आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, यांच्या डोळ्यांवर ऊन येतंय की काय. लतिका त्या भुवयांवरच भाळली, असं ते पाहुण्यांना अजून सांगतात. लतिकाला विचारलं तर ती म्हणते, "मला काय आवडलं ते विचारलं होतं कोणी?"

या भुवयांचं वर्षातून एकदा जाहीर प्रदर्शन व्हायचं. चौदा जानेवारीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. महाराष्ट्रातूनही माणसं आलेली असतात. तिथे सोळा वर्षं भाऊजींचं भाषण ठरलेलं. अब्दालीचं नाव आलं की भुवया खाली, भाल्यांचा उल्लेख आला की वर, सैन्याच्या उपासमारीला एक वर आणि एक खाली. इतिहास कमी आणि कपाळाचा व्यायाम जास्त. पानिपतचा पराभव आपण स्वतः सोसला, तोही सेवाज्येष्ठतेसह, असा एकूण आव. लोक टाळ्या वाजवायचे. थंडीत टाळ्या वाजवल्या की हात गरम राहतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भुवया बाहेरच्या टोकांकडून विरळ व्हायला लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉइड निघाला. रोज एक गोळी घ्या, सहा-आठ महिन्यांत केस बहुतेक परत येतील, असं त्यांनी सांगितलं. एखाद्या शहाण्या माणसाने गोळी घेतली असती आणि विषय संपवला असता. भाऊजींनी गोळी घेतली, पण वाट बघायला नकार दिला.

आधी लतिकाची पेन्सिल वापरून झाली. रोज सकाळी बाथरूमचं दार लावून दहा मिनिटं. सप्टेंबरच्या उकाड्यात मेट्रोतून उतरताना त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि उजवी भुवई रुमालावर गेली. तसेच ते दोन तास बैठकीत बसले. सरकारी माणसं वरिष्ठांच्या चेहऱ्यावर टिप्पणी करत नाहीत. लिफ्टच्या आरशात त्यांना कळलं.

मग ते कादंबरी नावाच्या मुलीकडे गेले. कादंबरी शेजारच्या ब्लॉकमध्ये, बंद केलेल्या बाल्कनीत पार्लर चालवते. लतिका सोबत होती, म्हणून पुढचं संभाषण मला शब्दशः माहीत आहे.

"काका, टिंट करून देते," कादंबरी म्हणाली. "केसांना रंग बसतो, दोन-तीन आठवडे टिकतो. जिथे केसच नाहीत तिथे कातडीला लागतो, पण तो तीन-चार दिवसांत जातो."

"म्हणजे पुन्हा अॅड-हॉक," भाऊजी म्हणाले.

"दुसरं आहे मायक्रोब्लेडिंग. बारीक पात्याने कातडीवर रेघा ओढून त्यात रंग भरतात. वर्ष-दीड वर्ष राहतं. पण ते मी करत नाही आणि तुम्ही करूही नका. गोळ्यांनी तुमचे केस येणारच आहेत. आवडलं नाही तर साबणाने जात नाही ते."

या सगळ्यातलं भाऊजींनी एकच वाक्य ऐकलं, शेवटचं. जे साबणाने जात नाही ते त्यांना हवंच होतं.

जानेवारीच्या नऊ तारखेला मला फोन आला. "देवयानी, तुझ्या गुरुग्रामला चांगले स्टुडिओ आहेत म्हणे. लतिकाला सांगू नकोस." मी मूर्ख, ऑफिसातून अर्धा दिवस काढून त्यांच्याबरोबर गेले. काचेच्या टॉवरमधली पांढरी खोली, कुंडीत प्लास्टिकचं झाड आणि सगळ्या मुलींच्या भुवया एकाच साच्यातून काढलेल्या.

तिथली मुलगी मात्र बरी होती. "सर, सेमी-परमनंट है," ती म्हणाली. "अठारह महीने के आसपास."

"फुल परमनंट नहीं है?"

"नहीं सर."

भाऊजींचा चेहरा पडला. कागदपत्र अपूर्ण असल्यासारखा त्यांनी सुस्कारा टाकला आणि खिशातून एक जुनं ओळखपत्र काढलं. नोकरीत कायम झाले त्या आठवड्यातलं. "ऐसा ही चाहिए. बिल्कुल ऐसा."

मी तो फोटो बघितला. फ्लॅश उडाला तेव्हा ते दचकले होते. भुवया कपाळाच्या मध्यापर्यंत चढलेल्या. मुलीने हलक्या पेन्सिलने थोडा खालचा आकार काढून दाखवला, भाऊजींनी तो पुसायला लावला. कार्यक्रम कधी आहे असं तिने विचारलं. पाच दिवसांनी म्हटल्यावर ती म्हणाली, नंतर या, पहिला आठवडा रंग गडद दिसतो, खपल्या धरतात. "खपली धरली तर धरली," भाऊजी मला म्हणाले. मी अडवायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं.

संध्याकाळी लतिकाने दार उघडलं. तिने दाराबाहेरचा दिवा लावला.

"कोणी मारलं का तुम्हाला?"

"नाही. भुवया आहेत."

"पुसा ते."

"पुसता येत नाही," भाऊजी म्हणाले, आणि त्या आवाजात अभिमान होता.

चौदा तारखेला पानिपतला दाट धुकं होतं. भाऊजींनी माकडटोपी भुवयांपर्यंत ओढली होती. लोकर घासू देऊ नका असं त्या मुलीने दोनदा बजावलं होतं. माइकसमोर त्यांनी टोपी काढली तेव्हा डावी भुवई काळी कुळकुळीत होती आणि उजवीच्या खपल्या टोपीबरोबर निघून तिथे गुलाबी पट्टे उरले होते. त्यांनी सुरुवात केली. "सैन्याला दोन दिवस अन्न नव्हतं..." चेहरा मात्र असा, की ही बातमी त्यांना आत्ताच कळली. साताऱ्याहून आलेल्या एका बाईंनी काळजीने विचारलं, "काका, भाजलं का हो?" मागे कोणीतरी हसलं, मग पुढेही. मीही हसले, मफलरमध्ये.

भाऊजी थांबले. सोळा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी भुवया खाली आणायचा प्रयत्न केलेला मला दिसला. कपाळ हललं, पण मुद्रा बदलली नाही. मग ते बाजूला झाले आणि चौथऱ्याच्या कडेला पाठ करून उभे राहिले.

कोणीच पुढे येईना. मंडळाचे अध्यक्ष खंडेराव चपला शोधत असल्यासारखे खाली बघत होते. तेव्हा लतिका माइकपाशी गेली. लतिका शाळेत ग्रंथपाल होती, तीस वर्षं मुलांना पुस्तकं काढून देत आली, पण चार माणसांत बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. भाल्यांचा किंवा अब्दालीचा विषय तिने काढलाच नाही. सैन्याबरोबर गेलेल्या बायकांबद्दल ती बोलली. त्यांनी काय शिजवलं असेल, शिजवायला काही उरलं नाही तेव्हा काय केलं असेल, आणि जे परत आले नाहीत त्यांची वाट बघताना मागे राहिलेल्यांनी कोणाला काय विचारलं असेल. आठ मिनिटं. हातवारे नाहीत. टाळ्या झाल्या नाहीत. साताऱ्याच्या त्या बाई डोळे पुसत होत्या.

परतीच्या बसमध्ये भाऊजी खिडकीशी बसले. सोनिपत मागे पडल्यावर म्हणाले, "हे तू कधी वाचलंस?"

"तुम्ही भाषण पाठ करत होतात तेव्हा."

मार्चमध्ये गोळ्यांनी काम केलं. केस परत आले, जिथे पूर्वी होते तिथेच, म्हणजे रंगवलेल्या रेघांच्या खाली. भाऊजींना आता दोन मजली भुवया होत्या. ते कादंबरीकडे गेले आणि वरच्या काढ म्हणाले. "काका, दोऱ्याने केस निघतात, शाई नाही," ती म्हणाली. लेझर करतात असं तिने सांगितलं, पण पुन्हा कोणाच्या हाती कपाळ द्यायची त्यांची हिंमत झाली नाही. ऑफिसातली शेवटची दीड वर्षं ते तशीच काढत आहेत. नवे लोक समजतात, साहेब आपल्या फायलीवर नाराज आहेत, आणि काम लवकर आणून देतात. एवढा एक फायदा झाला.

यंदा चौदा जानेवारीला मंडळाने पत्रिकेत वक्त्या म्हणून लतिकाचं नाव छापलं. भाऊजींनी कार्यकारिणीला तीन पानी हरकत लिहिली. मग ती पाठवली नाही. हे मला लतिकाने सांगितलं, आणि तिला ती कपाटात सापडली होती. धुक्यात ते आमच्याबरोबर उभे होते. लतिका बोलत असताना मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. तेवढी कणव माझ्यात नाही, मला पुन्हा हसायचं होतं. त्यांच्या ओठांची हालचाल चालू होती. तिचं प्रत्येक वाक्य ते तिच्याबरोबर म्हणत होते, एक शब्दही न चुकता.