कऱ्हाडचा संगम आणि सांगलीचा नकाशा

मुंबईला ते विमान पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या गावच्या एसटी मोटारीपेक्षा लहान. सहा माणसांची जागा, नाकावर एक पंखा. पण हसू तोंडातच ठेवलं, कारण शेजारी नामदेव उभा होता. हसलो असतो तर म्हणाला असता, "दादा, मोठ्या इमानात बसून बघ एकदा." तो बसलाय. मी नाही.

नामदेव माझा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. विट्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस वाट चुकल्यावरच येतो, तिथलं आमचं गाव. लहानपणी दोघांनी एकाच घोंगडीत बसून मेंढरं राखली. मग तो गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) कामाला कलकत्त्याला गेला आणि तिथं त्याचं मोठं दुकान झालं. मी मेंढरांमागंच राहिलो. माझी शाळा तिसरीपर्यंत. वर्षातून एकदा नामू गावी येतो, पारावर बसतो, विमानात काय खायला देतात ते सांगतो आणि सगळा गाव कान देऊन ऐकतो. मी चाळीस वर्षं माणदेशापासून कृष्णाकाठापर्यंत पायी चाललो, ते ऐकायला कुणी बसत नाही. कशाला खोटं सांगू, मी जळायचो.

त्यात माझ्या डोळ्यांचा मोतीबिंदू त्यानंच मुंबईला नेऊन काढला. जाड काचांचा चष्मा त्यानंच घालून दिला. उपकार करणाऱ्या माणसाचा राग करायला फार जीव लागतो. मी तोही लावला.

परत निघताना म्हणाला, "दादा, वळखीच्या व्यापाऱ्याचं इमान सांगलीला रिकामं निघालंय. त्यातनं जाऊ." नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. वाटलं, एकदा उडालो की पारावर दोघं सारखे. शिवाय सांगलीच्या धावपट्टीवर गावातली माणसं वाजंत्री घेऊन येणार होती. नामूनं गावच्या शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या होत्या, त्याचा सत्कार. मी काय, त्याच्यामागून उतरणार.

विमानात नामू पुढं पायलटच्या शेजारी बसला आणि मी मागं, टपालाच्या पिशवीसारखा. पायलट उत्तरेकडचा तरणा गडी. ह्या भागात तो कधी आला नव्हता. त्याच्याकडं दोन नकाशे होते, एक जुना, एक नवा. एक त्यानं मांडीवर घेतला, दुसरा नामूकडं दिला. नामूनं तो असा पसरला, जणू त्यानंच काढलाय.

घाट ओलांडताना कानांना दडे बसले. नामूनं मागं न बघताच पेपरमिंटची गोळी दिली. पुढं साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या घाटात ट्रक मुंगळ्यासारखे एकामागं एक चालले होते. लोणंदला मालगाडी उभी होती, काडेपेट्या मांडून ठेवाव्यात तशी. त्या बाजारात मी लोकर घेऊन किती वेळा गेलोय! साताऱ्याचा किल्ला वरून पालथ्या परातीसारखा दिसला. नव्या डोळ्यांनी मी सगळं बघत होतो, आणि जे दिसत होतं ते सगळं माझं होतं. ह्या पाऊलवाटांवर माझी पायताणं झिजली होती. नकाशा मात्र नामूच्या मांडीवर.

पुढं गुऱ्हाळांचा धूर पसरला होता. पायलट गडबडायला लागला. तो एका नकाशात बघायचा, मग दुसऱ्यात, मग खाली. जुन्यात रेल्वे सांगलीच्या एका अंगानं, नव्यात मोठी लाईन (ब्रॉडगेज) झाल्यावर दुसऱ्या अंगानं. सांगलीच्या पट्टीवर वायरलेसवर बोलणारं कुणी नव्हतं. डोळ्यांनी बघायचं आणि उतरायचं.

तेवढ्यात धुरातून दोन नद्या मिळताना दिसल्या.

"सेठ, नदी का संगम! यही सांगली है ना?" पायलट म्हणाला.

नामूनं नकाशावर बोट ठेवलं. तिथं कृष्णा आणि वारणेचा संगम काढलेला. "हां हां, सांगली. बराबर," तो म्हणाला.

ती सांगली नव्हती. वारणा कृष्णेला बाजूनं येऊन मिळते, लेक माहेरी यावी तशी. इथं दोन नद्या समोरासमोर येऊन धडकत होत्या आणि मग वळून एकीनं चालल्या होत्या. कृष्णा आणि कोयना. पलीकडं आगाशिवाचा डोंगर. त्याच्या पायथ्याला मी वीस हिवाळे मेंढरं बसवली. (शेतकरी रानात खत व्हावं म्हणून कळप बसवून घेतो आणि धान्य देतो.) कऱ्हाड ते. डोळे नसते तरी ओळखलं असतं, आणि मला तर नवे डोळे होते.

नामूनं मान मागं वळवली. "दादा, सांगलीच की न्हाई रं?"

चाळीस वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी काय म्हणालो?

"नकाशा तुझ्या हातात हाय. मला अडान्याला काय इचारतोस?"

तो पुढं वळला. माझ्या डोळ्यांसमोर सांगलीची वाजंत्री आली, रिकाम्या आभाळाकडं तोंड करून थांबलेली. लई गार वाटलं.

धावपट्टी नकाशापेक्षा भलत्याच बाजूला निघाली. पायलटनं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, शेवटी घडी करून ठेवला आणि विमान खाली घातलं. आणि मला पट्टीवर काळंपांढरं हलताना दिसलं.

"मेंढरं!" मी ओरडलो. "वर घे! मेंढरं हायती, वर घे!"

पायलटला मराठी कळत नव्हतं, पण ओरडणं कळलं. विमान पंखा गरगरवत वर उठलं. भावासाठी उघडलं नाही ते तोंड मेंढरांसाठी उघडलं, हे मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्या फेरीत उतरलो. कळप हाकत एक बाई आली, पदर खोचलेला, हातात काठी.

"आवं, डोळं फुटलं का तुमचं? माझी गाभन मेंढी हुती तितं!"

नामूनं हात जोडले. "मावशी, ही सांगलीच न्हवं?"

"सांगली?" बाई अशी हसली की मेंढरं थबकली. "कऱ्हाड हाय की! एवढं आभाळात चढून बी दिसंना व्हय रं बाबांनो?"

पायलट नकाशे घेऊन पंखाखाली जाऊन बसला. बाईचा राग निवल्यावर तिनं तांब्यातलं ताक आणि खरड्यासंगं (मिरचीच्या ठेच्यासंगं) भाकरी दिली. विमानातल्या खाण्याचं नामू जन्मभर सांगत होता, पण इथं त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

मग हळूच म्हणाला, "दादा, आगाशिव दिसला न्हाई तुला?"

"काच धुरकट हुती," मी म्हणालो.

त्यानं माझा चष्मा काढून घेतला. आपल्या धोतराच्या सोग्यानं दोन्ही काचा नीट पुसल्या, उजेडाला धरून बघितल्या आणि परत माझ्या नाकावर ठेवल्या.

सांगलीला पोचायला फार वेळ लागला नाही, पण तोवर वाजंत्रीवाले दुसऱ्या सुपारीला निघून गेले होते. गावची दहा-बारा माणसं लिंबाखाली पेंगत होती. सरपंच झेंडूचा हार घेऊन धावत आले, तर नामूनं तो वरच्या वर धरला.

"ह्यो दादाला घाला," तो म्हणाला. "पायलट चुकला, मी बी चुकलो. दादानं वरनं कऱ्हाड वळकलं, मेंढरं बगितली. न्हाईतर आज खपलो असतो."

हार माझ्या गळ्यात पडला. खरं काय ते मी तिथंही सांगितलं नाही.

आता नामू कलकत्त्याला आहे आणि पारावर माणसं मला बोलावतात. "आबा, त्यो संगम सांगा की!" एवढ्या वर्षांनी गाव माझं ऐकायला बसलंय, आणि मला ते गोड लागत नाही. नामूचं दुकान, नामूचं विमान, ह्यावर मी जळलो ते सोसलं. पण त्याच्या मनाच्या मोठेपणावर जळतोय ते सोसवत नाही. भीक मी कधी कुणाची घेतली नाही. भावाचीही नको. म्हणून तिसरी शिकलेल्या हातानं हे सगळं लिहून काढलं.

काच धुरकट नव्हती. नामूला ते तेव्हाच कळलं होतं. आता गावालाही कळू द्या.