जंतूची साल

शिरूर तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना मी इतका थकलो होतो की फोन वाजला तरी नको वाटायचं. त्या दिवशीचा फोन कोरेगाव भीमाच्या एका मावशींचा होता. सणसवाडीच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम सोडून त्यांनी डुकरं पाळली होती.

"डॉक्टर, पुन्हा खोकाय लागलीत. दोन मेली."

मी गेलो. मेलेल्यांच्या नाकाशी रक्ताळलेला फेस होता. एक फाडलं. फुप्फुस काळंनिळं, दगडासारखं घट्ट, बरगड्यांना चिकटलेलं. याच रोगाची लस तीन महिन्यांपूर्वी मीच टोचली होती.

फुप्फुसाचा तुकडा बर्फात घालून पुण्याच्या प्रयोगशाळेत दिला. आठवड्यानं तिथल्या बाईंनी सांगितलं, "जंतू तोच आहे, पण त्याच्या आवरणाचा प्रकार वेगळा. तुमच्या लशीत हा नाही."

मावशींना सांगायला मी स्वतः गेलो. म्हटलं, "या जंतूच्या अंगावर साखरेचं बुळबुळीत आवरण असतं. त्यामुळं रक्तातल्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. लस शरीराला ते आवरण ओळखायला शिकवते. पण आवरणाचे प्रकार पुष्कळ. एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही."

"म्हंजी जंतू त्योच, वरची साल निराळी?"

"हो."

"आन् हे आधी कळलं नसतं का?"

कळलं असतं. गेल्या वर्षी पहिलं डुक्कर मेलं तेव्हाच तपासणी करायला हवी होती. मी नुसत्या खोकल्यावरून ठरवलं आणि मिळाली ती लस आणली. तेवढंच मी त्यांना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "कबूल केलंत, बरं झालं. आता उरलेल्यांचं बोला."

दहा दिवस रोज सकाळी जाऊन जंतू मारायची इंजेक्शनं दिली. मावशी तोंडाला फास लावून डुक्कर धरायच्या, मी टोचायचो. आणखी चार मेली. बाकीची वाचली, पण हाडं दिसायला लागली होती.

योग्य प्रकारची लस यायला दोन महिने लागले. ती टोचून झाली त्या दिवशी मावशी चहा करायला आत गेल्या, आणि मी बाहेर ओट्यावर बसल्या बसल्या झोपलो. जाग आली तेव्हा चहा गार झाला होता. त्यांनी मला उठवलं नव्हतं.