भिंतींचा रंग

दौंडात ज्ञानदेवला सगळे ‘लाईटवाला’ म्हणत आणि ते त्याला मनातून लागायचं. शिरूरला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसून तो कारखान्यांच्या शेडमधला उजेड आखायचा. खोलीची मापं, छताची उंची, भिंतींचा रंग भरला की कुठल्या टेबलावर किती उजेड पडेल, हे ते सॉफ्टवेअर दिव्याची एकही नळी लावायच्या आधी सांगायचं. पण वस्तीत हे कुणाला पटवणार? लोक आपले बिघडलेले पंखे आणून द्यायचे.

दोन हजार पाच साली वस्तीतल्या बौद्ध विहारामागं अभ्यासिका बांधली. संध्याकाळी भारनियमन ठरलेलंच, म्हणून इन्व्हर्टर घेतला. तो जेमतेम आठ नळ्या ओढणारा. उजेडाचं काम ज्ञानदेवनं हट्टानं अंगावर घेतलं. त्याची आई ताईबाई अक्षरं शिकली होती, आता तिथल्या संध्याकाळच्या वर्गात वाचायला बसणार होती. तिला काचबिंदू. नजर जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं. त्याआधी एक अख्खं पान आपलं आपण वाचायचं, एवढाच तिचा ध्यास होता.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आठ नळ्यांत खोली लख्ख उजळली. ज्ञानदेव हरखला, वायरमनला नकाशा देऊन शिरूरला गेला आणि परतला तो उद्घाटनाच्या संध्याकाळीच.

आत पाऊल टाकलं तर खोली अंधुक. चारी भिंती आणि छतसुद्धा गडद निळं! ताईबाईनं पुढं होऊन बायांकडून हौसेनं रंगवून घेतलेलं. आठही नळ्या चालू होत्या आणि निळा रंग उजेड गिळत होता. सॉफ्टवेअरमध्ये भिंती आधीच पांढऱ्या भरलेल्या असतात. ज्ञानदेवनं त्या तशाच ठेवल्या होत्या. आणि हा बहाद्दर वाढला कुठल्या घरात? निळ्याच! मशीनला वस्ती ठाऊक नव्हती, याला तर होती.

ताईबाईनं पुस्तकातलं एक पान नाकाशी धरलं, लांब धरलं, मग खाली ठेवलं.

“गेली लेका नजर. डाक्टर म्हनला त्याच्या आधीच गेली.”

“नजर न्हाई गं आई, उजेड कमी हाय. भिंती पांढऱ्या करू.”

“आपल्या झेंड्याचा निळा पुसायचा?” तिचा आवाज चढला. “आन् उजेड कमी कसा असंल? तू आखलाय न्हवं?”



दुसऱ्या दिवशी त्यानं तिला भर उन्हात ओट्यावर बसवलं, तेच पान समोर धरलं.

“कशाला थट्टा करतो आईची? गेलेली नजर उन्हात येती व्हय?” ती म्हणाली.

उन्हात अक्षर न् अक्षर ठळक दिसत होतं. ताईबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.